मोदकांचे हसू : वाणी, वावर आणि बुद्धिमत्तेचा संकेत

सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाची एक कथा आहे. जलक्रीडेत राजा राण्यांवर पाणी उडवीत असतो. दमलेली एक राणी त्याला संस्कृतात विनविते, ‘मोदकैः’, म्हणजे ‘मा उदकैः’, पाण्याने मारू नका. राजाला हा संधी उमगत नाही. तो मोदक आणण्याची आज्ञा करतो. राणी हसते. त्या हसण्याने राजा इतका खचतो, की अन्न आणि बोलणे दोन्ही सोडून तो अंतःपुरात पडून राहतो. राज्यकर्त्याच्या भाषिक चुकीतून त्याच्या बुद्धीचा निवाडा कसा होतो, याचे इतके नेमके चित्र आपल्या परंपरेत विरळाच. या कथेत राजा वाईट राज्य करतो असे कोठेही म्हटलेले नाही. एक संधी चुकला एवढाच त्याचा अपराध. तरीही सारे प्रकरण ‘राजा मूर्ख आहे’ या एकाच वाक्याभोवती फिरते आणि त्या वाक्यावर सर्वांत आधी विश्वास ठेवतो तो खुद्द राजाच.

राजकीय पुढाऱ्याची वाणी आणि वावर यांवरून आपण त्याच्या बुद्धिमत्तेची जी कल्पना बांधतो, तिचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विषय मानसशास्त्राचा किंवा राज्यशास्त्राचा आहे, समीक्षेचा नव्हे, असा आक्षेप येऊ शकेल. परंतु पुढाऱ्याची बुद्धी आपणांस प्रत्यक्ष दिसत नाही. दिसतो तो त्याचा वाचिक, आंगिक आणि आहार्य अभिनय : उच्चार, वाक्याची ठेवण, हातवारे, चाल, पोशाख. यांवरून आतल्या गुणाकडे जाण्याची क्रिया ही पात्रवाचनाची क्रिया आहे, आणि पात्र कसे वाचले जाते हा समीक्षेचाच प्रश्न आहे.

आपण ही क्रिया अनुमान म्हणून करतो, असे आपल्याला वाटते. जेथे धूर तेथे अग्नी, तसे जेथे अशुद्ध वाणी तेथे मंद बुद्धी. माझे प्रतिपादन असे, की येथे अनुमान नसून संकेत आहे. आणि संकेत नेमका कोठे काम करतो हे पाहावयाचे तर नाटकाकडे गेले पाहिजे. नाट्यशास्त्रातील भाषाविधानाने उत्तम पुरुषपात्रांना संस्कृत, तर स्त्रियांना आणि हीन मानलेल्या पात्रांना निरनिराळ्या प्राकृत भाषा नेमून दिल्या. तोंड उघडताच पात्राची पायरी कळावी अशी ही व्यवस्था. ‘मृच्छकटिका’तील शकार हा तिचा कळस होय. राजाचा मेहुणा असलेला हा सत्तांध मनुष्य ‘स’च्या जागी ‘श’ उच्चारतो, रामायण आणि महाभारत यांतील पात्रांची सरमिसळ करतो, आणि प्रेक्षक त्याला हसतो. पण ‘स’चा ‘श’ करणे ही काही शकाराचीच खोड नव्हे. ते मागधी प्राकृताचे लक्षण आहे. त्याच नाटकातला स्थावरक हा त्याचा गाडीवान चेटही मागधीच बोलतो. वसंतसेनेला मारण्याची आज्ञा मालकाने लालूच दाखवून आणि मारहाण करून दिली, तरी परलोकाचे भय सांगून ती नाकारणारा मनुष्य हाच. म्हणजे ‘श’काराने बोलणारा मूर्ख आणि ‘श’काराने बोलणारा विवेकी, असे दोघेही एकाच रंगमंचावर उभे आहेत. नैयायिकांच्या परिभाषेत हा हेतू सव्यभिचार ठरतो : साध्य असेल तेथेही तो आढळतो, नसेल तेथेही आढळतो. शकाराला मूर्ख ठरविते ती त्याची कृती आणि त्याचा युक्तिवाद. उच्चार केवळ हसण्याची सूचना देतो.

राजकीय व्यवहारात ही सूचनाच निष्कर्ष म्हणून स्वीकारली जाते. याचे आधुनिक आणि भरपूर कागदपत्रे उपलब्ध असलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर. 1952 आणि 1956 या दोन्ही निवडणुकांत त्यांचे प्रतिस्पर्धी होते ॲडलाय स्टीव्हन्सन, घोटीव आणि चतुर इंग्रजी बोलणारे. आयझेनहॉवर यांची पत्रकार परिषदांतील उत्तरे मात्र अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यांनी आणि कर्ता हरवलेल्या क्रियापदांनी भरलेली असत. लिंकन यांचे गेटिसबर्गचे भाषण आयझेनहॉवर यांनी केले असते तर कसे झाले असते, याचे एका पत्रकाराने केलेले विडंबन त्या काळी फार गाजले. त्या वाक्यांवरून आणि त्यांच्या रुंद, प्रसन्न हास्यावरून अभ्यासक वर्गाने निष्कर्ष काढला, की हा भला पण सुमार बुद्धीचा सेनापती आहे. राज्य दुसरेच कोणी चालवीत असावेत.

पुढे त्यांचे खाजगी कागद अभ्यासकांना खुले झाले, तेव्हा हे चित्र पालटले. 1982 साली फ्रेड ग्रीनस्टीन यांनी ‘द हिडन-हँड प्रेसिडेन्सी’ या ग्रंथात दाखवून दिले, की याच गृहस्थाची पत्रे आणि टिपणे रेखीव आणि तर्कशुद्ध आहेत, आणि जाहीर धूसरपणा हा पुष्कळदा त्यांच्या कार्यपद्धतीचा भाग होता. मार्च 1955 मध्ये फोर्मोसाच्या सामुद्रधुनीचा पेच उभा असताना अण्वस्त्रांविषयी प्रश्न येईल, तेव्हा काहीच बोलू नये, असा सल्ला त्यांचे वृत्तसचिव जेम्स हॅगर्टी यांनी दिला. प्रश्न आलाच तर मी त्यांना गोंधळात टाकीन, असे त्यांचे उत्तर होते, असे आयझेनहॉवर यांनीच पुढे आपल्या आठवणींत नोंदविले आहे. ज्याने त्यानेच सांगितलेली गोष्ट म्हणून तिच्याकडे थोड्या सावधपणे पाहावे लागेल. पण टिपणे आणि पत्रे त्या दिशेचीच साक्ष देतात.

येथे समीक्षकाला एक वेगळा मुद्दाही दिसतो. पत्रकार परिषदेचा शब्दशः उतारा ही संहिताच मुळी संकरज आहे. बोललेल्या वाक्याला आवाजाचा चढउतार, हात, नजर आणि ऐकणाऱ्याचा होकार आधार देत असतात. तेच वाक्य कागदावर उतरवून लिखित गद्याच्या निकषाने वाचले, की कोणीही निर्बुद्ध भासू लागतो. आपण एका वाङ्मयप्रकाराला दुसऱ्याचे नियम लावतो आणि या प्रकारभ्रमाचा दोष वक्त्याच्या मेंदूवर ढकलतो.

आयझेनहॉवर यांच्या बाबतीत वाणी हा पडदा होता, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या बाबतीत ती आहार्याचा भाग बनली. येल आणि हार्वर्डमध्ये शिकलेले बुश 1978 साली टेक्सासातून काँग्रेसच्या निवडणुकीस उभे राहिले, तेव्हा त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने ते पूर्वेकडच्या उच्चभ्रू विद्यापीठांतले आहेत, याच गोष्टीची टर उडविली आणि बुश पराभूत झाले. पुढच्या काळात त्यांची टेक्सासी बोली, चाल आणि पोशाख ठळक होत गेले. शब्दांची मोडतोड तर जगप्रसिद्ध झाली. त्यातले हेतुपूर्वक किती आणि स्वाभाविक किती, हे ठरविण्याची येथे गरज नाही. पियेर बोर्द्यू ज्याला भाषिक भांडवल म्हणतो, ते प्रत्येक बाजारात सारख्या भावाने चालत नाही. सफाईदार वाणी विद्यापीठात नफा देते, तीच मतदारसंघात तोट्याची ठरू शकते, एवढे त्यातून स्पष्ट होते.

परंतु या उदाहरणाचे खरे मर्म अन्यत्र आहे. जगभरचा सुशिक्षित वर्ग बुश यांच्या व्याकरणाला हसत होता, त्याच काळात 2003 साली इराकवर आक्रमण झाले. 5 फेब्रुवारी 2003 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या युद्धाची बाजू मांडली ती परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी. धीमा स्वर, संयत देहबोली, नीट बांधलेली वाक्ये. त्यांच्या सांगण्याला वजन आले ते पुष्कळसे या वावरामुळे. ज्या संहारक शस्त्रसाठ्यांविषयी ते बोलले, ते पुढे सापडले नाहीत. म्हणजे अडखळणाऱ्या वाणीवरून मूर्खपणा ठरविणारा संकेतच ओघवत्या वाणीवरून विश्वासार्हता ठरवितो. नाण्याच्या या दोन बाजू आहेत. जो पहिल्या बाजूला हसतो तो दुसऱ्या बाजूला फसतो, आणि दोन्ही वेळा कृतीची चिकित्सा राहून जाते.

मराठीत हा संकेत कसा वावरतो? त्याची सर्वांत बारीक खूण ‘न’ आणि ‘ण’ यांच्या सीमेवर सापडते. ‘पाणी’ म्हणणारा सुशिक्षित, ‘पानी’ म्हणणारा गावठी : एका मूर्धन्य वर्णाने बोलणाऱ्याचे गाव, जात, शिक्षण आणि शेवटी बुद्धीही ठरते. ही साखळी उघडपणे उच्चारली जात नाही. म्हणूनच ती तपासावी लागते. वसंतदादा पाटील यांच्याविषयीचे लेखन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शालेय शिक्षण बेताचे, धोतर आणि टोपी, सांगलीकडची बोली. 1943 साली सांगलीचा तुरुंग फोडणारा स्वातंत्र्यसैनिक, पुढे सहकारी साखर कारखानदारीतला अग्रणी आणि राज्याचा मुख्यमंत्री. त्यांच्याविषयीच्या गौरवपर मजकुरात एक वाक्यबंध वारंवार भेटतो : शिक्षण कमी, पण शहाणपण मोठे. या वाक्यातले ‘पण’ हे अव्यय गौरव करताकरताच संकेत मान्य करून टाकते. शिक्षण आणि शहाणपण यांचे साहचर्य हाच नियम, दादा हे त्याला अपवाद. अपवादाची स्तुती नियमाला धक्का लावीत नाही. उलट तो पक्का करते.

याचा परिणाम मूल्यमापनावर होतो. 1983 साली त्यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. या धोरणाने ग्रामीण मुलांना काय दिले, शुल्काच्या रूपाने त्यांच्याकडून काय घेतले, शिक्षणसंस्था कोणाच्या हाती गेल्या, हे गंभीर प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे एकमुखी नाहीत. पण कमी शिकलेल्या माणसाने तंत्रशिक्षणाची दारे उघडली, हा विरोधाभास इतका चटकदार, की चर्चा त्यावरच रेंगाळते. निर्णय बाजूला राहतो, पात्र उरते. ‘पण’ने केलेली स्तुती आणि व्याकरणावरून केलेली टिंगल येथे एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात.

मग वाणीवरून बुद्धीविषयी काहीच कळत नाही काय? असे म्हणणे अतिरेकाचे होईल. उच्चार, वाक्यरचना आणि युक्तिवाद या तीन पातळ्या वेगळ्या केल्या पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे आहे. उच्चार वक्त्याचा प्रदेश आणि वर्ग सांगतो. वाक्यरचना त्याचा सराव आणि प्रसंग सांगते. विचार प्रकट होतो तो युक्तिवादात : पुरावा दिला की नाही, प्रश्नाला उत्तर दिले की बगल दिली, काल सांगितलेले आज नाकारले काय. ही तिसरी पातळी वाचायला कष्ट पडतात, पहिली वाचायला केवळ कान लागतो. म्हणून आपण पहिलीवर थांबतो आणि ऐकण्यालाच विचार करणे समजतो. संहितेचे सूक्ष्म वाचन शिकविणाऱ्या वर्गात तरी असे थांबणे परवडणारे नाही.

सातवाहनाच्या कथेचा उत्तरार्ध या संदर्भात लक्षणीय आहे. राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकवीन म्हणणारा गुणाढ्य आणि सहा महिन्यांत शिकवीन म्हणणारा शर्ववर्मा यांच्यात पैज लागते. गुणाढ्य हरतो आणि संस्कृत, प्राकृत, देशी या तिन्ही भाषा सोडतो. उरलेल्या पैशाचीत तो सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा रचतो आणि राजाकडे पाठवितो. राजा ती धुडकावतो. पैशाची भाषा हेही त्याने सांगितलेल्या कारणांपैकी एक. व्याकरणकार या पैशाचीचे जे एक लक्षण सांगतात, ते म्हणजे ‘ण’च्या जागी ‘न’. आजच्या ‘पानी’शी तिचा वंशसंबंध जोडायचा नाही, पण हसणाऱ्याचा कान तोच आहे. एका संधीसाठी ज्याला राणी हसली, तोच राजा व्याकरण शिकल्यावर दुसऱ्याच्या भाषेला हसला. गुणाढ्याने वनात एकेक पान वाचून अग्नीत टाकले. राजाला चूक उमगली तेव्हा सातांपैकी एकच लक्ष श्लोक वाचविता आले.