थकव्याचें माप

'अर्गॉनॉमिक्स' या इंग्रजी नियतकालिकांत १९७९ सालीं साहा, दत्त, बॅनर्जी व नारायणे या चौघांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. भारतीय कामगारास पाळीभर पेलेल अशा श्रमाची मर्यादा ठरविणें, हा त्याचा विषय. काम मुंबईस शीव येथील सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधलें. वाङ्मयविषयक मासिकांत असल्या निबंधाचें परीक्षण कशास, असें एखादा वाचक विचारील. ज्यांच्या डोक्यावरून आपल्या घरचें मीठ व धान्य येत आलें, त्यांच्या देहाविषयीं इतक्या थोड्या शब्दांत इतकें निर्णायक विधान करणारें लेखन क्वचितच आढळतें. त्याची चिकित्सा केवळ तज्ज्ञांवर सोपवून आपण मोकळें व्हावें, हें मला बरें वाटत नाहीं.

निबंधाचा निष्कर्ष असा. मनुष्य पराकाष्ठेचे श्रम करीत असतां जितका प्राणवायु शरीरांत घेऊं शकतो, त्याच्या शेंकडा ३५ इतकाच ज्या कामास लागतो, तें काम त्यानें दिवसभर करण्यास हरकत नाहीं. अशा कामांत मिनिटास सुमारें १८ किलोजूल, म्हणजे जुन्या हिशेबानें ४.३ किलोकॅलरी शक्ति खर्ची पडते व नाडी मिनिटास ११० च्या आसपास राहते. पाश्चात्य ग्रंथांत ५ किलोकॅलरींचा आंकडा रूढ होता. तो जसाच्या तसा न उचलतां येथील माणसाचीच परीक्षा करावी, हा लेखकांचा पहिला गुण. आणि मर्यादा प्रत्येकाच्या स्वतःच्या कुवतीच्या हिश्शानें सांगावी, हा त्याहून मोठा. परंतु व्यवहारांत हिस्सा मागें पडतो आणि आंकडा तेवढा उरतो. ज्याची कुवतच सरासरीहून कमी, त्या अर्धपोटी हमालास १८ किलोजूल म्हणजे ३५ नव्हे, कदाचित् ४५ टक्के होतील.

या आंकड्यांची पारख करण्यास शीवहून दूर जावयास नको. मुंबईच्या बंदराचें पाणी ओलांडलें कीं रायगड जिल्ह्यांत न्हावा व शेवा हीं गांवें लागतात. निबंध लिहिला गेला तेव्हां त्यांच्या नांवाचें बंदर व्हावयाचें होतें. त्या भागाची ओळख खाजण, भातशेती व मिठागरें हीच होती. मिठागरांतील मजूर वाफ्यांतून मीठ ओढतो, टोपली डोक्यावर घेतो, राशीपर्यंत चालतो, रिकामा परततो. त्याचे पाय सारखे हलत असतात व प्रत्येक पावलागणिक स्नायु आवळून सैल होत असल्यामुळें त्यांत रक्त खेळतें राहतें. असल्या श्रमाचा हिशेब प्राणवायूनें बऱ्यापैकीं लागतो. मात्र मिठाचा हंगाम उन्हाळ्याचा. उन्हांत त्वचेकडे रक्त पाठवून देह थंड ठेवण्याचें जादा काम हृदयावर येतें. श्रम तेवढेच असतांहि नाडी चढते. १८ आणि ११० ही जोडी त्या उन्हांत फुटते. मग मिठागराच्या मालकानें कोणता आंकडा प्रमाण मानावा? माझ्या मतें नाडीचा. कारण देहावर पडलेला एकूण भार तीच सांगते.

१९८९ सालीं बंदर सुरू झालें. येथें माल कंटेनरांतून येतो व यारीनें उचलला जातो. डोक्यावरचें ओझें जवळजवळ गेलेंच. निबंधाचा खरा कमकुवतपणा उघडा पडतो तो येथें. उंच यारीच्या खोलींत बसलेला चालक पायांखालच्या कांचेतून तळाशीं पाहात, मान वांकवून, तासन् तास काम करतो. त्याची नाडी ११० च्या पुष्कळच खालीं असावयाची. लेखकांच्या मापानें त्याचें काम हलकें ठरतें. जहाजावर कंटेनर आवळून बांधणारा कामगार लोखंडी जड दांडा डोक्यावर उचलून तो नेमक्या भोकांत बसेपर्यंत हात वर ताणून उभा राहतो. हे कांहीं क्षण दिवसभराच्या सरासरींत विरून जातात, आणि खांदा मात्र त्याच क्षणांनीं दुखावतो.

याचें कारण साधें आहे. स्नायु ताणून तसाच धरला तर तो आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो; हृदय कितीहि समर्थ असलें तरी रक्त आंत पोंचत नाहीं. जर्मनीच्या रोमर्ट यांनीं १९६० सालीं दाखविलें कीं, आपल्या पूर्ण जोराच्या निम्म्यानें एखादी वस्तु धरली तर सुमारें एका मिनिटांत हात हार खातो. शेंकडा १५ च्या आंत ती वाटेल तितका वेळ धरतां येईल, असें त्यांचें मत होतें. पुढील संशोधकांस तेंहि टिकवितां आलें नाहीं. म्हणजे मानेचा थकवा मानेंतच पाहावयास हवा. इटलींतील मोस्सो यांनीं १८९१ च्या आपल्या ग्रंथांत मधल्या बोटानें वजन उचलवून थकव्याच्या रेषा काढल्या होत्या, आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचें बोटसुद्धां लौकर थकतें, असें त्यांस आढळलें होतें. (परीक्षकांच्या मानधनाचा विचार करणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.) जुन्या साध्या यंत्राची ही नजर प्राणवायु मोजणाऱ्या नव्या यंत्रांस राहिली नाहीं.

स्नायूंत दुग्धाम्ल सांचतें म्हणून थकवा येतो, ही आखाड्यांतून अजून ऐकूं येणारी समजूतहि येथें उपयोगी नाहीं. फ्लेचर व हॉप्किन्स यांच्या १९०७ च्या बेडकावरील प्रयोगांपासून ती दृढ झाली. परंतु १९३० सालीं लुंड्सगार्ड यांनीं हें आम्ल मुळींच तयार होऊं न देतां स्नायु आकुंचन पावतो व थकतोहि, हें सिद्ध केलें. आज संशोधकांचें लक्ष स्नायुपेशींत सुटणाऱ्या फॉस्फेटकडे व आकुंचनाची आज्ञा पोंचविणाऱ्या कॅल्शियमच्या घटीकडे अधिक आहे.

निबंध टाकाऊ आहे, असा याचा अर्थ कोणीं करूं नये. १९६७ सालीं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें प्रौढ पुरुषानें एका वेळीं वाहावयाच्या ओझ्यास ५५ किलोंची मर्यादा सुचविली. तींत वजन आहे, काळ नाहीं. चौघांच्या निबंधांत काळ आहे, वजन नाहीं. १९६९ च्या माथाडी कायद्यानें महाराष्ट्रांत हमालाच्या नोकरीचें व मजुरीचें नियमन केलें. त्याच्या शेजारीं हीं दोन्ही मापें ठेवलीं तर डोक्यावर ओझें वाहणाऱ्या माणसाचें बरेंचसें संरक्षण होईल. यारीवरच्या चालकाचें व दांडा धरणाऱ्याचें होणार नाहीं. त्यांच्यासाठीं पाळीच्या आरंभीं व अखेरीस मानेचा आणि खांद्याचा जोर मोजून त्यांतील घट नोंदविणारा निबंध हवा. तो लिहितांना नाडीवर बोट ठेवण्यापूर्वीं या दोघांस, दुखतें कोठें, एवढें विचारलें तरी अर्धें काम होईल.