ई-पुस्तकातील पाली गाथा : मांडणीविषयी काही विचार

पाली गाथा आणि तिचा मराठी अनुवाद समोरासमोर छापण्याची पद्धत आपल्याकडे परिचयाची आहे. डावीकडे मूळ, उजवीकडे अर्थ. वाचकाची नजर सहज इकडून तिकडे जाते. हीच मांडणी जशीच्या तशी ई-पुस्तकात उतरविली तर काय घडते, हे पाहण्याचा योग अलीकडे आला. धम्मपदाची एक द्विभाषिक ई-आवृत्ती प्रस्तुत लेखकाने प्रथम नव्या वाचनयंत्रावर व नंतर एका जुन्या यंत्रावर उघडली. नव्यावर ती देखणी होती. जुन्यावर उजवा रकाना पडद्याबाहेर कापला गेला होता. गाथा होती, अर्थ नव्हता. प्रकाशकाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण हा दोष एकट्या त्याचा नव्हे.

छापील पान ही स्थिर वस्तू आहे. ई-पुस्तकाला मात्र, खऱ्या अर्थाने, पानच नसते. ईपब म्हणजे एचटीएमएल मजकूर व त्याचे शैलीपत्रक यांची एकत्र बांधलेली गाठोडी. ओळ कोठे तोडावी हे यंत्र ठरविते. २००७ साली आलेल्या पहिल्या किंडलचा पडदा सहा इंची, ६०० बाय ८०० बिंदूंचा होता व करड्या रंगाच्या केवळ चार छटा दाखवीत असे. त्याच्या मोबी या स्वरूपास शैलीपत्रकातील फारच थोडे नियम कळत. २०११ साली आलेल्या केएफ८ आणि ईपब ३ या स्वरूपांनी संपादकाला पुष्कळ स्वातंत्र्य दिले, परंतु आधीच्या यंत्रांना त्याचा उपयोग नव्हता. नवे यंत्र समोर ठेवून मांडणी करणारा संपादक हे विसरतो. जुने यंत्र ज्याच्या हाती आहे, तो बहुधा नवे घेऊ न शकणारा वाचक असतो, हेही तो विसरतो.

रकान्यांवरील उपाय सोपा आहे. तक्ता काढून टाकावा. गाथेची प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद म्हणून द्यावी आणि लगेच खाली अनुवाद द्यावा. अक्षरांचा आकार ठरीव न देता सापेक्ष ठेवावा. गाथाक्रमांक यंत्राच्या आपोआप क्रमांकनावर न सोडता मजकुरातच लिहावेत. धम्मपदाच्या ४२३ गाथा क्रमांकानेच उद्धृत होतात. प्रत्येक वग्गात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले, तर अभ्यासकाला ती आवृत्ती निरुपयोगी. अनुक्रमणिका जुन्या एनसीएक्स व नव्या नॅव्ह अशा दोन्ही रूपांत देता येते. त्याने फाइल विशेष जड होत नाही.

लिपीचा प्रश्न याहून कठीण आहे. फॉन्ट पुस्तकातच अंतर्भूत केला की काम झाले, असा समज प्रचलित आहे. तो चुकीचा आहे. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण दिसते त्याच्या आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. जोडाक्षरे घडवावी लागतात. ही घडण फॉन्ट एकटा करीत नाही, यंत्रातील अक्षररचनेची प्रणाली करते. अनेक जुन्या यंत्रांत ती नव्हतीच. तेथे ‘धम्म’ मधला हलन्त उघडा पडतो आणि ‘भिक्खु’ची वेलांटी ‘भ’च्या मागे जाऊन बसते. किंडलवर मराठी पुस्तकांची अधिकृत सोय २०१६ च्या डिसेंबरात झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याआधीच्या यंत्रांकडून किती अपेक्षा ठेवावी हे कळते.

यावर काही प्रकाशक गाथांची चित्रे करून घालतात. अक्षर शुद्ध दिसते, हे खरे. परंतु चित्रातील अक्षर मजकुराबरोबर मोठे होत नाही, त्यात शब्द शोधता येत नाही, आणि अंध वाचकासाठी मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली तेथे मुकी होते. संपूर्ण पुस्तकाचीच छायाचित्रे विकण्याचा प्रकार तर ई-पुस्तक या नावास पात्रच नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, ईपब शुद्ध युनिकोडमध्ये ठेवावे आणि जुन्या यंत्रांसाठी त्याच मजकुराची वेगळी पीडीएफ काढावी, पानाचा आकार नऊ बाय बारा सेंटिमीटर धरून. पीडीएफमध्ये घडविलेली अक्षराकृती तशीच गोठलेली राहते. सहा इंची पडद्यावर असे पान नेमके बसते. मोठ्या टायपाची आणखी एक प्रत काढणेही अवघड नाही.

यमकवग्गाच्या वीस गाथा या रीतीने मांडून त्याच जुन्या यंत्रावर पाहिल्या. ईपबमधील अर्थ आता पडद्यावर आला, जोडाक्षरे मात्र तुटलेलीच राहिली. पीडीएफमध्ये दोन्ही वाचता आले. फक्त तळटीपेवरून परत गाथेकडे येण्यासाठी पाने उलटावी लागली.