आलं का रं?

घरातल्या जुन्या टीव्हीवरच्या दोन दांड्यांना इंग्रजी बोलणारे ‘सशाचे कान’ म्हणतात. नाव देखणं आहे आणि नेमकंही, कारण अँटेनाही कानांसारखीच लहरी टिपायला उभी असते. पारनेर तालुक्याकडं मात्र त्या ‘काड्या’च. एकात एक सरकणाऱ्या पोकळ नळ्या. ओढल्या की लांब, दाबल्या की आखूड. ‘काड्या जरा फाकव, लांब कर’ या सांगण्यात रूपापेक्षा हाताचं काम आहे, आणि ते शास्त्राला धरून आहे: एकेक काडी लहरीच्या साधारण चौथाई लांबीची झाली की चित्र पक्कं धरतं.

पण घरातल्या काड्यांची धाव शहरापुरतीच. सिंहगडावरून पुण्याचं प्रक्षेपण १९७३ साली सुरू झालं. तिथून पारनेर सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. एवढ्या लांबचं चित्र हवं तर तेव्हा पत्र्यावर उंच पाइप, त्यावर ॲल्युमिनियमची अँटेना आणि तिचं तोंड नैर्ऋत्येला. १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी गावोगाव हेच ऐकू यायचं:

‘आलं का रं?’
‘न्हाय दादा, मुंग्याच हायेत.’
‘आता?’
‘आलं, आलं... गेलं!’

या चार ओळींवर माझा फार जीव आहे. काय आलं, हे कुणीच म्हणत नाही. ‘दिसतंय का?’ असंही दादा विचारत नाही. मराठीत पाऊस येतो, पीक येतं, अंगात येतं. आपण खटपट करायची, येणं न येणं त्याच्याकडं. चित्रालाही लोकांनी याच रांगेत बसवलं. ‘गेलं!’ मधली हळहळ त्यामुळंच खरी वाटते.

आणि ‘मुंग्या’! पडद्यावरची ती काळी-पांढरी वळवळ याहून अचूक कुणी सांगितलेली नाही. त्या मुंग्यांतला थोडासा वाटा विश्वाच्या आरंभीच्या, सुमारे १३८० कोटी वर्षं जुन्या प्रारणाचा असतो. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला आणि आसपास पसरलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आज आकाशातल्या रेडिओ लहरीच टिपताहेत.

पारनेर तालुक्यात निघोज, अळकुटी, कान्हूर पठार इथं पत्र्यावर चढलेले ते दादा आता साठीकडं झुकलेत. त्यांच्याकडून हे शब्द, त्यांच्याच उच्चारात, लिहून घ्या.