पद गमावलेला शेरीफ : ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’विषयी काही विचार

अमेरिकन वेस्टर्न चित्रपटातील शेरीफ हा सामान्यतः कायद्याचा प्रतिनिधी म्हणून दरोडेखोरांचा पाठलाग करतो. बड बोएटिकर दिग्दर्शित ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’ (१९५६) या अवघ्या ७८ मिनिटांच्या अल्पखर्ची चित्रपटातील बेन स्ट्राइड (रँडॉल्फ स्कॉट) हा मात्र माजी शेरीफ आहे. निवडणुकीतील पराभवानंतर देऊ केलेले दुय्यम पद त्याने अभिमानापोटी नाकारले. परिणामी त्याच्या पत्नीला वेल्स फार्गोच्या कचेरीत नोकरी पत्करावी लागली आणि तेथील दरोड्यात तिचा बळी गेला. स्ट्राइड त्या सात दरोडेखोरांच्या मागावर निघतो; परंतु दोषींमध्ये तो स्वतःलाही मोजतो. म्हणूनच या चित्रपटाची ‘सूडकथा’ अशी संभावना करणे प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते.

प्रारंभीचा प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पावसाळी रात्री शेकोटीजवळ बसलेल्या दोघांकडे स्ट्राइड आसरा मागतो, त्यांची कॉफी घेतो. खुनाचा विषय निघतो, आणि ऐन क्षणी कॅमेरा बाहेर उभ्या घोड्यांवर जातो. आपल्याला केवळ गोळ्यांचे आवाज ऐकू येतात. ही निव्वळ काटकसर, असे कोणी म्हणेल. तथापि अखेरच्या द्वंद्वातही, मास्टर्सशी (ली मार्व्हिन) गाठ पडते तेव्हा, स्ट्राइडने बंदूक झाडल्याचे आपल्याला दिसत नाही. कॅमेरा मास्टर्सच्या थक्क चेहऱ्यावर खिळतो. प्रेक्षकाला विजयाचा आनंद मिळू नये, अशीच ही योजना आहे. या संयमी शैलीचे मर्म आंद्रे बाझँ यांच्यासारख्या समीक्षकाने १९५७ मध्येच ओळखले होते. अमेरिकेबाहेर, हे विशेष.

बर्ट केनेडी यांच्या पटकथेतील सर्वांत विचारप्रवर्तक पात्र मात्र जॉन ग्रीअर हे होय. लुटीचे सोने आपल्या गाडीतून नेणारा, मास्टर्सच्या उपहासाचा विषय झालेला हा दुबळा पती अखेरीस निःशस्त्र अवस्थेत शेरीफच्या कचेरीकडे चालू लागतो आणि मारला जातो. कायद्याकडे जाण्याचे धैर्य येथे बंदूकधारी नायकाने नव्हे, तर त्याने दाखविले आहे. स्ट्राइडचे शौर्य त्यापुढे काहीसे फिके पडते. शेवटी स्ट्राइड दुय्यम पद स्वीकारतो, हे सुसंगतच आहे. ग्रीअरच्या विधवेने पुढचा प्रवास रद्द करून त्याच्यासाठी थांबणे मात्र घाईचे, रूढ संकेताला दिलेली सवलत वाटते.