रात्रीच्या तिसऱ्या प्रहराचे काय झाले?

हिंदुस्थानी संगीताचा उत्कर्ष होत आहे की अपकर्ष, हा कज्जा आपल्याकडे प्रत्येक पिढीने मागच्या पिढीच्या साक्षीने चालविला आहे आणि त्याचा निकाल बहुधा अपकर्षाच्याच बाजूने लागत आला आहे. रहिमतखाँना ऐकलेल्या वृद्धांनी अब्दुल करीमखाँविषयी नकारार्थी मान हलविली असेल, आणि ज्यांनी खाँसाहेब ऐकले त्यांनी त्यांच्या शिष्यांविषयी. या वादात भर घालण्याची मला हौस नाही, कारण ज्याची रुजुवात घालता येत नाही अशा दाव्यावर कितीही लिहिले तरी ते स्मरणरंजनच ठरते. ज्याचा पडताळा कोणासही घेता येईल असा प्रश्न याहून साधा आहे: आजच्या रसिकाला प्रत्यक्ष गाणे कोठे, कोणत्या वेळी आणि किती वेळ ऐकावयास मिळते, आणि ज्याचे नाव त्याने पूर्वी ऐकलेले नाही अशा गवयाचा शोध त्याला कसा लागतो? माझे मत असे की, राजाश्रय ओसरल्यानंतर ज्या महोत्सवांनी या कलेला जगविले त्याच महोत्सवांनी तिच्याकडून काही वसूलही केले आहे. आणि ही वसुली सुरांत किंवा तयारीत झालेली नसून वेळेत झालेली आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. गवई हा संस्थानिकाच्या पदरचा माणूस होता. अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय लाभला, तसे इतरांना बडोदे, इंदूर, म्हैसूर येथे तनखे होते. विष्णु दिगंबरांनी तिकीट लावून जाहीर जलसे करण्याचे धाडस केले, १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे दिवाणखान्यातून चौकात आणले. भातखंड्यांनी १९१६ मध्ये बडोद्यास अखिल भारतीय परिषद भरविली, पण तीही दरबारच्याच साह्याने. पुढे संस्थाने विलीन झाली, तनखे बंद पडले, आणि मग जे घडले त्यात कालाची एक विलक्षण संगती दिसते: १९५२ मध्ये कलकत्त्यास डोव्हर लेन संगीत संमेलन, १९५३ मध्ये पुण्यास सवाई गंधर्व पुण्यतिथी, १९५४ मध्ये आकाशवाणीचे संगीत संमेलन. जालंदरचे हरवल्लभ संमेलन १८७५ पासून भरत आलेले आहे खरे, परंतु तो एका साधूच्या स्मृतीचा मेळा. दरबाराची रिकामी गादी चालविण्यास जे पुढे आले ते हे तीन वर्षांतले उपक्रम होते.

सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. ते १९५२ च्या सप्टेंबरात पुण्यास वारले आणि दुसऱ्या वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने गुरूची पुण्यतिथी केली. गुरुभगिनी गंगूबाई हनगल आणि गुरुबंधू फिरोज दस्तूर हे वर्षानुवर्षे तेथे हजेरी लावीत. एका घराण्याचे हे श्राद्ध पाहता पाहता सबंध महाराष्ट्राचा वार्षिक उत्सव झाले, रमणबागेच्या पटांगणाला अनेक वर्षे पुरून उरले आणि आता मुकुंदनगरात भरते. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, की उत्तरेतील कलावंतांना पुण्याचा श्रोता ठाऊक झाला तो या मांडवामुळे, आणि सोलापूर, सांगली, बेळगावाकडून सतरंजी, शाल व फराळाचा डबा घेऊन येणाऱ्या सामान्य माणसाला केवळ नावाने माहीत असलेले सतारिये व बासरीवादक दृष्टीस पडले तेही याच मांडवात. ज्या कोणी महोत्सवांना जत्रा म्हणून नाके मुरडली त्यांनी या माणसाचा विचार केलेला नाही.

हा उत्सव पूर्वी रात्रभर चाले. २००० च्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली. पुढे वर्षातून काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्य शासनास मिळाला, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब केले. नियम अन्याय्य आहे असे मी म्हणणार नाही. गल्लोगल्ली मंडपांतून जो कोलाहल चालतो त्यास आळा घालणे अवश्यच होते. परंतु ज्या तराजूत भिंतीएवढ्या कर्ण्यांचा गोंगाट मोजला गेला त्याच तराजूत दोन तंबोऱ्यांचा झंकार मोजला गेला, आणि त्याचा जो परिणाम झाला त्याचा हिशेब कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. आपल्या रागांना प्रहर आहेत. दरबारी, अडाणा, मालकंस हे मध्यरात्रीच्या आगेमागेचे. सोहनी, परज, ललित हे रात्र सरतानाचे. दहा वाजता पडदा पडणार असेल तर दरबारी गावयाचा केव्हा? मग तो साडेआठास गायिला जातो, किंवा गायिलाच जात नाही. सोहनीची स्थिती याहून वाईट. तिचा प्रहर उघड्या मांडवातून सर्वस्वी उठला आहे, आणि विशी-पंचविशीतला श्रोता सोहनी ओळखतो ती ध्वनिमुद्रणावरून, दुपारी, बसमध्ये बसून.

ज्यांस समयचक्र हा केवळ संकेत वाटतो त्यांच्याशी मी वाद घालीत नाही. कर्नाटक पद्धतीत हे बंधन जवळजवळ नाहीच आणि तेथील संगीत त्यामुळे दरिद्री झालेले नाही. तथापि आपल्या गवयाने रागाची बढत ज्या संथपणे करावयाची तो संथपणा त्याला रात्रीने दिलेला होता. पुढे कोणी थांबलेले नाही, श्रोत्याची शेवटची गाडी केव्हाच निघून गेलेली आहे, उजाडेपर्यंत कोणालाही कोठे जावयाचे नाही, अशा अवस्थेत मंद्र सप्तकातला एकेक स्वर जितका वेळ घोळविता येतो तितका पुढच्या कलावंताची साथीची मंडळी विंगेत उभी असता घोळविता येत नाही.

गंमत अशी की, एका हाताने काढून घेतलेले काळाने दुसऱ्या हाताने काही अंशी परत केले. उत्सव दहास संपवावयाचा म्हणून तो तीन-चारलाच सुरू होऊ लागला, आणि दिवसाच्या उत्तरार्धातले जे राग कामकाजाच्या वेळेमुळे मैफलीत दुर्मिळ झाले होते त्यांना, म्हणजे भीमपलास, पटदीप, मधुवंती, मुलतानी यांना, अकस्मात व्यासपीठ मिळाले. आणि हे व्यासपीठ कोणाला मिळाले? तर ज्यांचे नाव जाहिरातीत सर्वांत वर आणि सर्वांत बारीक टाइपात छापलेले असते त्या नवोदितांना. डिसेंबरातली ती दुपार ज्याने अनुभवली आहे त्यास सांगावयास नको: मांडवाच्या कापडातून पिवळसर ऊन उतरते आहे, खुर्च्या अर्ध्याअधिक रिकाम्या आहेत, निवेदक प्रायोजकांची नामावळी वाचतो आहे आणि त्या नामावळीखालीच तबलजी हातोडीने गट्टे ठोकीत स्वर चढवितो आहे, ध्वनिव्यवस्थेवरचा माणूस तंबोऱ्याचा आवाज वाढवावा की पेटीचा, या संभ्रमात. मग एक पंचविशीची मुलगी डोळे मिटून मुलतानीचा निषाद लावते, कोमल ऋषभाला ओझरता स्पर्श करून षड्जावर येते, आणि मागे वड्याच्या गाडीकडे निघालेले दोन गृहस्थ उभ्यानेच थांबतात. संगीतप्रेमी माणसाला शोध लागतो तो अशा वेळी. रात्री साडेआठास ज्यांच्यासाठी हजारोंचा समुदाय जमलेला असतो त्यांचा शोध लागलेला असतो. तेथे आपण जातो ते दर्शनास.

मात्र त्या मुलीला मिळतो पाऊण तास. पाऊण तासात विलंबित एकताल, द्रुत तीनताल आणि श्रोत्यांनी लक्षात ठेवावे म्हणून शेवटी एक अभंग किंवा नाट्यपद एवढे बसवावयाचे म्हणजे आलापीवर कात्री चालविणे ओघानेच आले. बढत अंतऱ्यापर्यंत नीट पोहोचलेली नसते तोच बोलताना सुरू होतात. तानेची तयारी चटकन नजरेत भरते, आलापाची भरत नाही. यात दोष गाणाऱ्यांचा म्हणावा तर टाळ्या वाजविणारे हात आपलेच आहेत. तिहाईवर टाळी, तबल्याशी झालेल्या सवालजवाबावर टाळी, श्वास दीर्घकाळ रोखला की टाळी. आणि गंधारावर कोणी नेमका, निःशंक ठेहराव केला तर शांतता. ही शांतता दादीची की अनवधानाची, हे व्यासपीठावरून कळावे कसे?

तरीही गुण दडपून राहत नाहीत याला दाखले आहेत. मल्लिकार्जुन मन्सूरांना पुण्या-मुंबईने डोक्यावर घेतले ते त्यांच्या उतारवयात. व्यंकटेशकुमारांचे उदाहरण अलीकडचे आणि अधिक बोलके: गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात अंध गुरू पुट्टराज गवई यांच्या चरणाशी सुमारे बारा वर्षे काढून आणि धारवाडास अध्यापकी करीत राहून हा गवई महाराष्ट्राच्या पुष्कळ उशिरा दृष्टीस पडला. त्यांचे गाणे ऐकताना जाणवते ते त्यातील उतावळेपणाचे पूर्ण विसर्जन. प्रत्येक स्वर जणू पुढच्या स्वराची निकड नसल्यासारखा लागतो. उल्हास कशाळकर दुसऱ्या टोकाला. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तीन अंगांची त्यांची जोपासना अशी की बंदिशीच्या मुखड्यावरून कोणत्या घराण्याची वाट धरली आहे हे जाणकारास कळावे आणि अजाणासही आनंदात उणे पडू नये. सुरेश तळवलकरांच्या ठेक्यासह त्यांचे विलंबित ऐकणे हा लयीचा पाठच होय. अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या गाण्यात जयपूरची वक्रता बुद्धीच्या प्रकाशात स्वच्छ दिसते. प्रसंगी जरा जास्तच स्वच्छ, असे म्हणण्याचा मोह होतो. जयतीर्थ मेवुंडी किराण्याचा जोमदार वारसा चालवितात, परंतु त्यांच्या तारसप्तकाचे समुदायाने इतके कौतुक केले आहे की ते तेथे गरजेहून अधिक रमतात. २०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटरूपाने आल्यापासून नाट्यपदांना जी नवी भरती आली तिने तरुणांना गाण्याकडे वळविले हे निर्विवाद. ती तरुण मंडळी ख्यालापर्यंत किती आली, याविषयी मला अद्याप शंका आहे. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांचेही तेच. तोडी आणि अहीर भैरवाला परत मिळालेली ती जाहीर सकाळ भावगीतांनी केव्हाच काबीज केली.

महोत्सवाच्या मांडवाबाहेर काय आहे, हेही पाहिले पाहिजे. कलकत्त्याचे डोव्हर लेन बंदिस्त सभागृहात अजून रात्र जागविते, काशीच्या संकटमोचन मंदिरात तिकिटावाचून उजाडेपर्यंत गाणे चालते. आपल्या अधिक जवळची दोन ठिकाणे मला विशेष वाटतात. एक मिरज. मीरासाहेबांच्या दर्ग्यात, जेथे अब्दुल करीमखाँ चिरनिद्रा घेत आहेत, तेथे उरुसात गवई सेवा म्हणून गातात. ज्यांना महोत्सवाचे बोलावणे कधीच आले नाही असे सांगली-कोल्हापुराकडचे कसलेले शिक्षक तेथे ऐकावयास मिळतात. त्याच गावात शिकलगारांच्या वंशजांनी दीडशेहून अधिक वर्षे तंबोरे घडविले, भोपळा पारखण्यापासून जवारी लावण्यापर्यंत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन मिळाले म्हणून गवई प्रवासात विजेच्या पेटीऐवजी तंबोऱ्याची जोडी नेईल, असे समजण्याचे कारण नाही. दुसरे ठिकाण हुबळीजवळचे कुंदगोळ. नाडगीरांच्या ज्या वाड्यात सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीमखाँ येऊन राहत, तेथेच या शिष्याच्या स्मरणार्थ रात्रभर बैठक होते. श्रोते मूठभर, गाणे मात्र आपल्या प्रहराला. पुण्याच्या उत्सवाला जे नाव आहे त्याचे मूळ तेथे आहे आणि पुण्याच्या उत्सवाने जे गमावले तेही तेथे शिल्लक आहे.

मुंबई-पुण्यात आता पन्नास-साठ माणसांच्या घरगुती बैठकी पुन्हा भरू लागल्या आहेत. ध्वनिक्षेपक नाही म्हणून दहाचे बंधन जाचत नाही, गवयाच्या गळ्याचा खरा पोत कळतो, आणि मालकंस रात्री साडेअकरास सुरू होऊ शकतो. उणीव एकच, ती म्हणजे बिदागीची. यजमानाने कितीही उदार व्हावयाचे म्हटले तरी महिन्याकाठी अशा दोन बैठकींवर तरुण गायिकेचा संसार चालत नाही. तिला आधार अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचा, ज्यांची मुले संगणकाच्या पडद्यावर तिच्याकडे शिकतात. त्यांची संध्याकाळ ती हिची पहाट. म्हणून सकाळी सहा-सातला, ज्या वेळी तिने स्वतःच्या भैरवाचा रियाज करावा, त्या वेळी ती न्यू जर्सीतल्या दहा वर्षांच्या मुलाकडून भूपाची सरगम घोटून घेत असते; आणि त्या मुलाच्या घड्याळाप्रमाणे ती भूपाचीच वेळ असते.