‘शोले’चे एकमेव पारितोषिक

‘शोले’वर आजवर इतके लिहून झाले आहे की आणखी एक लेख कशाला, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. गब्बरचे संवाद कोणालाच पाठ नाहीत असे घर आपल्या दुभाषी मुलखातही विरळाच. पण या चित्रपटाच्या पारितोषिकांची कथा फारसे कोणी सांगत नाही; आणि त्याचे मर्म मला तिच्यातच दिसते.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ला फिल्मफेअरची नऊ नामांकने मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान ‘दीवार’ने नेला. ‘शोले’च्या पदरी पडले ते एकच पारितोषिक, संकलनाचे. मानकरी होते एम. एस. शिंदे. रसिक याला अन्याय म्हणतात. इतर विभागांत तो झालाही असेल, पण येथे परीक्षकांचा नेम अचूक लागला.

दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी चित्रीकरणात हात आखडता घेतला नव्हता. ‘ये दोस्ती’ या पाच मिनिटांच्या गाण्याला २१ दिवस लागले. पनवेलजवळच्या आगगाडीच्या प्रसंगाला सात आठवडे. जवळजवळ तीन लाख फूट फिल्म जमा झाली. तिच्यातून साडेतीन तासांच्या आतला चित्रपट काढायचा, म्हणजे घेण्यापेक्षा टाकण्याचीच परीक्षा.

शिंदे ती कशी उतरले, हे ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येत पाहावे. गब्बर लहानग्यावर बंदूक रोखतो. मुलाचा मृत्यू दिसत नाही, दिसते ती ठाकूरला घरी आणणारी आगगाडी. पुढे तलवारी उगारल्या जातात, पण हात तुटताना आपण पाहत नाही. अंगावरची शाल उडते तेव्हाच सारे कळते. क्रौर्य न दाखवता ते मनात उतरवणे, हे काम कात्रीचे. आजच्या मारधाडपटांत रक्ताचे पाट वाहतात, तरी काळजाचा ठोका चुकत नाही, तो याचमुळे.

दोष नाहीत असे नव्हे. जेलर आणि सूरमा भोपालीचे प्रसंग लांबले आहेत. तिथे कात्री चालायला हवी होती. दुसरी एक कात्री मात्र नको तिथे चालली. आणीबाणीच्या त्या काळात सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करणारा ठाकूर त्याला पोलिसांच्या हवाली करू लागला, आणि सूडकथेचा कणाच वाकला. मूळ शेवटासह जतन केलेली प्रत २०२५ साली इटलीतील बोलोन्या येथे दाखवली गेली. संकलकाची कात्री कथेची धार वाढवते, सेन्सॉरची ती बोथट करते, हा फरक दोन्ही शेवट पाहून कोणालाही कळेल.

आणखी एक नाव विसरू नये. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरील रामनगरच्या खडकांत ‘रामगढ’ वसवले ते कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी. बंगालच्या चित्रपट-पत्रकार संघटनेने त्यांचा आणि छायालेखक द्वारका दिवेचा यांचा गौरव केला. खडक कर्नाटकातले, चित्रपट हिंदी, आणि त्यामागचे हात असे मराठीही. आपल्या भागातल्या माणसाला यात नवल वाटू नये. आपले रोजचे जगणे असेच आहे.

शिंदे २०१२ साली वारले. गब्बर कोण, हे शाळेतले पोरही सांगते. शिंदे कोण, हे त्याचे वडीलही सांगू शकत नाहीत. यंदा सुट्टीत घरी ‘शोले’ लावलात, तर आरंभीची श्रेयनामावली पुढे ढकलू नका. मुलांना ती मोठ्याने वाचायला लावा.