कबुली नव्हे, नोंद : डेरेक जार्मन यांचे आत्मपर लेखन

एचआयव्हीबाधित समलिंगी पुरुषाच्या आत्मपर लेखनाला ‘कबुलीजबाब’ म्हणण्याची समीक्षेला सवय झाली आहे. ही संज्ञा निरुपद्रवी नाही. मराठीत तरी ‘कबुली’ला कचेरीचा वास येतो. कबुली म्हटली की गुन्हा आला, आणि गुन्ह्यामागोमाग न्यायासन आले. ब्रिटिश चित्रपट-दिग्दर्शक डेरेक जार्मन (१९४२–१९९४) यांचे लेखन या चौकटीत बसवू गेल्यास त्यातील मर्मच निसटते. कारण तेथे न्यायासन मांडलेलेच नाही.

डिसेंबर १९८६ मध्ये निदान झाल्यानंतर जार्मन यांनी ते लवकरच जाहीर केले. रोग म्हणजे समलिंगी जीवनाची शिक्षा, असा सूर लावणारी वृत्तपत्रे तेव्हा ब्रिटनमध्ये होती. स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा ‘पुरस्कार’ करण्यास मनाई करणारे २८ वे कलम १९८८ मध्ये आले. इंग्लंड-वेल्समध्ये ते २००३ पर्यंत टिकले. अशा काळात लिहिलेली ‘मॉडर्न नेचर’ (१९९१) ही रोजनिशी आहे प्रामुख्याने एका बागेची. केंटच्या किनाऱ्यावर डंजनेस येथे, अणुवीज केंद्राच्या सान्निध्यात, गोट्यांच्या जमिनीत फुलविलेल्या या बागेला कुंपण नाही. वनस्पतींची नावे व त्यांच्याविषयीच्या जुन्या समजुती, बालपण, मित्रांचे मृत्यू, देहसुखाच्या आठवणी, स्वतःचे आजारपण हे सारे येथे एकाच पातळीवर येते. रोजनिशीचा क्रम काळाचा असतो, कार्यकारणाचा नव्हे. कबुलीजबाबाला मात्र ‘म्हणून’ हे अव्यय लागते : असे वागलो, म्हणून असे झाले. जार्मन यांच्या नोंदी या ‘म्हणून’ला थारा देत नाहीत. त्यांच्या निर्भयतेचे अधिष्ठान या रचनेत आहे. केवळ धाडसी विधानांत ते शोधणे हे वरवरचे वाचन होय.

‘ब्लू’ (१९९३) हा चित्रपट याच भूमिकेचे टोक गाठतो. ७९ मिनिटे पडद्यावर केवळ निळा रंग, आणि सोबत आवाज, संगीत. जार्मन यांची दृष्टी तेव्हा आजारामुळे जात होती. निळाईचा अर्थ अंधत्वाशी जोडला जातो तो त्यामुळे. ते खरे, पण पुरेसे नाही. कृश, मरणोन्मुख रुग्णाचे छायाचित्र पाहून भय आणि करुणा अनुभवण्याची प्रेक्षकाला झालेली सवय येथे नाकारली जाते. काहीही न लपविणारा हा माणूस आपला देह मात्र दाखवीत नाही. उघडपणा आणि प्रदर्शन यांतील हा भेद समलिंगी दृश्यतेच्या चर्चेत क्वचितच पाळला जातो.

‘अॅट युवर ओन रिस्क’ (१९९२) मध्ये हा तोल ढळतो. प्रतिपक्षाला थेट उत्तर देताना न्यायालय परत येते. फक्त आरोपी आणि फिर्यादी यांची अदलाबदल होते. राजकीय दस्तऐवज म्हणून त्याची निकड निर्विवाद. तथापि त्याची रचना प्रतिपक्षाच्या भाषेने बांधली गेली आहे. १९९६ पासून संयुक्त औषधोपचारामुळे एचआयव्हीसह दीर्घायुष्य शक्य झाले, कलंक मात्र उरला. त्यामुळे ‘मॉडर्न नेचर’ केवळ शोकलेखन म्हणून वाचणे आता अपुरे पडते. झाडांखेरीज फारसे काही न घडलेल्या दिवसांच्या नोंदी त्यात अधिक बोलक्या ठरतात.